मलेशियाचा रबर-उद्योग : एक अभ्यास

पेन्सिलीनें लिहिलेलें चुकीचें अक्षर खोडण्यासाठीं आपण जो चिमुकला तुकडा हातीं घेतों, त्याला आपण रबर म्हणतों. हें नांव त्याच्या या लहानशा कामावरूनच पडलें आहे. इ. स. १७७० मध्यें प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानें, हा पदार्थ कागदावर घासला असतां शिशाची खूण निघून जाते, अशी नोंद करून ठेवली. आणि घासण्याच्या अर्थाचा इंग्रजी शब्दच त्या पदार्थाला कायमचा चिकटला. आज तोच पदार्थ सायकलच्या धांवेंत, एस. टी.च्या चाकांत, फुटबॉलच्या फुग्यांत आणि शस्त्रवैद्याच्या हातमोज्यांत आहे. आपल्या घरांतून एका दिवसापुरता रबर नाहींसा झाला, तर किती कामें अडतील, याची कल्पना प्रत्येकानें करून पाहावी.

प्रस्तुत लेखांत आम्ही या पदार्थाचे गुणधर्म सांगणार नाहीं. आमच्या पुढील प्रश्न वेगळा आहे. एखाद्या राष्ट्राचा उद्योग जगाच्या स्पर्धेंत कशाच्या बळावर उभा राहतो? उत्तम जमीन, भरपूर पाऊस आणि स्वस्त मजूर एवढ्यानें भागतें काय? या प्रश्नाचा विचार करण्यास रबरासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. कारण, ज्या देशांत हें झाड मूळचें, तो देश या धंद्यांत मागें पडला. ज्या देशांत तें मुळींच नव्हतें, तो जगांत पहिला झाला. आणि पुढें त्यालाहि आपलें पहिलें स्थान सोडून देऊन नवी वाट शोधावी लागली. तो देश म्हणजे पूर्वींचा मलाया, आजचा मलेशिया होय.

मूळ घर

रबराचा चीक देणारीं झाडें अनेक आहेत. परंतु त्यांत श्रेष्ठ मानलेलें झाड दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांत उगवतें. तेथील मूळ रहिवाशांना त्याच्या चिकाचा उपयोग फार पूर्वींपासून माहीत होता. युरोपांत मात्र हा पदार्थ बराच काळ निरुपयोगी ठरला, कारण तो उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत कडक होऊन तडके. इ. स. १८३९ मध्यें गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें रबरांत गंधक मिसळून तें तापविलें, तेव्हां हा दोष नाहींसा झाला. पुढें १८८८ मध्यें डनलॉपनें हवा भरलेली धांव तयार केली, आणि सायकल व मोटार यांच्या पाठोपाठ रबराची मागणी अतोनात वाढली.

या मागणीचा सगळा पैसा प्रथम ब्राझीलकडे वाहूं लागला. ॲमेझॉनच्या कांठीं अरण्याच्या मध्यभागीं वसलेल्या मनाऊस शहरांत १८९६ मध्यें भव्य नाट्यगृह उघडलें, तें याच पैशाच्या जोरावर. परंतु ही श्रीमंती कच्च्या पायावर उभी होती. अरण्यांत रबराचीं झाडें एकमेकांपासून दूर दूर विखुरलेलीं असत. चीक गोळा करणारा मजूर दिवसभर पायपीट करी. आणि त्याला धान्य, हत्यारें व कपडे उधार देणारा व्यापारी त्याच्याकडील सारें रबर कर्जापोटीं घेऊन जाई. तें कर्ज बहुधा फिटतच नसे. झाडाची निवड, लागवड किंवा चीक काढण्याची सुधारलेली रीत यांचा विचार करण्याची गरज कोणालाहि भासली नाहीं. निसर्ग देत होता, आणि माणूस घेत होता.

बियांचा प्रवास

इ. स. १८७६ मध्यें विकहॅम या इंग्रजानें ॲमेझॉनच्या खोऱ्यांतून सुमारें सत्तर हजार बिया जहाजांतून इंग्लंडला नेल्या. ब्राझीलमध्यें या कृत्याला आजहि अनेक जण चोरी म्हणतात. त्या बिया तेलकट असल्यामुळें लवकर निर्जीव होतात. लंडनजवळच्या क्यू येथील सुप्रसिद्ध वनस्पति-उद्यानांत त्या पेरल्या, तेव्हां सुमारें सत्तावीसशेंच काय त्या रुजल्या. त्यांतील बरींच रोपें सिलोनला गेलीं, आणि १८७७ मध्यें अवघीं बावीस रोपें सिंगापूरला पोंचलीं. त्यांतील कांहीं मलायांतील क्वाला कांगसार येथें लावण्यांत आलीं. पूर्वेकडील अफाट मळ्यांचे मूळ पूर्वज म्हणजे क्यूच्या उद्यानांतून आलेलीं हींच थोडीं रोपें.

पण रोप आलें म्हणजे उद्योग आला, असें नव्हे. जवळजवळ वीस वर्षें या झाडांकडे कोणी वळून पाहिलें नाहीं. मलायांतील मळेवाले त्या वेळीं कॉफीच्या मागें होते. १८८८ मध्यें सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख म्हणून रिडले नांवाचा तरुण शास्त्रज्ञ आला. तो भेटेल त्या मळेवाल्याच्या हातीं रबराच्या बिया देई आणि त्या लावण्याचा आग्रह करी. लोक त्याला ‘वेडा रिडले’ म्हणून हंसत. परंतु हा वेडा मनुष्य त्या वेळांत एक मोठें काम करीत होता. झाडाला कुऱ्हाडीचे घाव घालून चीक काढण्याची अरण्यांतील रीत त्यानें टाकून दिली. सालीचा पातळसा काप काढावयाचा. नंतर त्याच जखमेच्या खालच्या कडेवरून पुन्हां तसाच पातळ काप काढावयाचा. आंतील लांकडास मात्र धक्का लावावयाचा नाहीं. असें केलें असतां चीक कमी न होतां उलट वाढतो, आणि झाडहि मरत नाहीं, असें त्यानें प्रयोगानें सिद्ध केलें.

१८९६ मध्यें मलाक्का येथें तान चे यान या चिनी गृहस्थानें पहिला व्यापारी मळा लावला. इकडे कॉफीचा भाव कोसळला, तिकडे मोटारगाड्या वाढल्या, आणि १९१० मध्यें लंडनच्या बाजारांत रबराचा भाव पौंडास बारा शिलिंगांवर चढला. मग काय, जंगलें तोडून मळ्यांवर मळे उठले! पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पूर्वेकडील मळ्यांच्या रबरानें ॲमेझॉनच्या रानटी रबरास मागें टाकलें. मनाऊसचें वैभव ओसरलें.

मळ्यांतील सकाळ

हें रबर निघतें कसें, तें थोडक्यांत पाहूं. झाड सहा-सात वर्षांचें झालें म्हणजे काप देण्यास योग्य होतें. मजूर पहाट होण्यापूर्वींच निघतो, कारण ऊन चढण्याआधीं झाडांत पाण्याचा दाब अधिक असतो आणि चीक चांगला वाहतो. हातांतील वांकड्या सुरीनें तो खोडाच्या निम्म्या घेराभोंवतीं तिरपा काप घेतो. काप उथळ गेला तर चीक थोडा येतो. खोल गेला तर खोडाला गांठी येतात आणि तो भाग पुढें वांयां जातो. म्हणून या कामांत बळापेक्षां हाताचें कौशल्य महत्त्वाचें. पांढरा चीक कापावरून घरंगळत खालच्या वाटींत थेंब थेंब पडतो. त्यांत सुमारें एक-तृतीयांश रबर असतें, बाकी बहुतेक पाणी. चिकांत सौम्य आम्ल घातलें म्हणजे दुधाचें दहीं व्हावें तसा तो गोठतो. तो गोठलेला गोळा रुळांतून दाबून त्याचे तक्ते करतात आणि ते धुरांत वाळवितात.

या सुऱ्या कोणाच्या हातांत होत्या? बहुतांशीं आपल्याच देशबांधवांच्या. मद्रास इलाख्यांतील हजारों तामिळ स्त्री-पुरुष मलायाच्या मळ्यांवर गेले. त्यांना नेणारा ‘कंगाणी’, म्हणजे मुकादम, प्रवासखर्चाची उचल देई आणि ती पुढें मजुरीतून कापली जाई. लांबच लांब चाळींतील एक खोली हें त्या कुटुंबांचें घर असे. १९३८ मध्यें हिंदुस्थान सरकारनें अशा मजुरांना मदत देऊन तिकडे पाठविण्याची पद्धत बंद केली. पुढें जपानी अमलांत सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर या मळ्यांतील हजारों तामिळ मजूर मरण पावले. मलायाच्या भरभराटीचा हिशेब करतांना हा जमाखर्च वगळतां येणार नाहीं.

दोन धडे

रबराचें झाड लावल्यानंतर सहा-सात वर्षांनीं उत्पन्न देतें. त्यामुळें भाव चढला म्हणून लावलेलीं झाडें चीक देऊं लागतात तेव्हां भाव उतरलेला असतो. पहिल्या महायुद्धानंतर असेंच झालें. १९२२ मध्यें ब्रिटिश सरकारनें मलाया व सिलोन येथील रबराच्या निर्यातीवर मर्यादा घातली. माल कमी आला म्हणजे भाव चढेल, हा सरळ हिशेब होता. आणि भाव चढलाहि. परंतु शेजारचीं डच बेटें, म्हणजे आजचा इंडोनेशिया, या योजनेंत सामील झालीं नाहींत. चढलेल्या भावाचा लाभ घेऊन तेथील लहान शेतकऱ्यांनीं भराभर लागवड वाढविली. अमेरिकन कारखानदार रागावले. फायरस्टोननें १९२६ मध्यें आफ्रिकेंतील लायबेरियांत मळ्यांसाठीं जमीन घेतली, आणि फोर्डनें ॲमेझॉनच्या खोऱ्यांत नवी वसाहत उभारली. शेवटीं १९२८ मध्यें ही योजना सोडून द्यावी लागली. आपला माल अडवून ठेवल्यानें आपण बलवान होत नाहीं. प्रतिस्पर्धी मात्र जागा होतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा फोर्डच्या वसाहतीनें शिकविला. रबराच्या मूळ घरींच, अमाप पैसा ओतून, ओळीनें दाट लावलेलीं झाडें पानांवरील करप्यानें झडून गेलीं. अरण्यांत विखुरलेल्या झाडांमध्यें हा रोग सहज पसरत नसे. मळ्यांत त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास वाटच मोकळी झाली. १९४५ मध्यें फोर्डनें सारें विकून टाकलें. पूर्वेकडे बिया आल्या तेव्हां हा रोग त्यांच्या सोबत आला नाहीं, हें मलायाचें केवढें भाग्य! तें भाग्य आजवर टिकलें आहे, आणि तें टिकावें म्हणून बाहेरून येणाऱ्या रोपांवर कडक नजर ठेवावी लागते.

ज्ञानाची शिदोरी

भाग्यावर विसंबून राहणारा उद्योग टिकत नाहीं, हें मलायानें वेळींच ओळखलें. १९२५ मध्यें तेथें रबर-संशोधन-संस्था स्थापन झाली. भरपूर चीक देणारें झाड निवडावयाचें, आणि आपण गुलाबाला किंवा संत्र्याला डोळा भरतों त्याप्रमाणें त्याचा डोळा साध्या रोपावर भरावयाचा, म्हणजे मूळ झाडाचे गुण प्रत्येक कलमांत उतरतात. निवड न केलेल्या रोपांपासून हेक्टरी वर्षाला फार तर पांचशें किलोंच्या आसपास रबर मिळे. चांगल्या वाणांपासून दीड हजार किलो व त्याहूनहि अधिक मिळूं लागलें. जमीन तीच, पाऊस तोच, मजुराची फेरीहि तीच. वाढलें तें केवळ ज्ञान.

या ज्ञानाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धानंतर लागली. १९४२ मध्यें जपाननें मलाया व डच बेटें जिंकलीं, आणि दोस्त राष्ट्रांचा रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. तेव्हां अमेरिकेनें कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. १९४१ मध्यें तेथें सर्वसाधारण उपयोगाचें कृत्रिम रबर वर्षाला अवघें २३१ टन निघत होतें. १९४५ मध्यें तें दरमहा सुमारें सत्तर हजार टन निघूं लागलें. युद्ध संपलें; पण हा प्रतिस्पर्धी परत जाणारा नव्हता. त्याला पाऊस लागत नाहीं, करपा पडत नाहीं, आणि सात वर्षें थांबावेंहि लागत नाहीं.

मलायानें या आव्हानाला दोन मार्गांनीं उत्तर दिलें. पहिला मार्ग पुनर्लागवडीचा. निर्यात होणाऱ्या रबरावर कर घेऊन त्या निधींतून जुनीं झाडें काढून नवे वाण लावण्यास साह्य करण्यांत आलें. लहान शेतकऱ्याला सहा-सात वर्षें उत्पन्नावांचून काढणें शक्य नसतें. म्हणून हें साह्य म्हणजे त्याचा जीवच होता. १९५६ मध्यें स्थापन झालेल्या ‘फेल्डा’ या सरकारी संस्थेनें भूमिहीन कुटुंबांना नव्या जमिनीवर वसविलें. १९५७ मध्यें मलाया स्वतंत्र झाला, तरी हें काम अखंड चाललें.

दुसरा मार्ग मालाच्या विश्वासाचा. पूर्वीं रबराचे तक्ते डोळ्यांनीं पाहून, रंगावरून व डागांवरून, त्यांची प्रत ठरवीत. कारखानदाराला हवी असते ती निश्चिति : यांत कचरा किती, राख किती, तापविल्यावर हें कसें वागेल? कृत्रिम रबर ही निश्चिति देत होतें. १९६५ मध्यें मलेशियानें प्रयोगशाळेंत तपासलेलें, ठराविक वजनाच्या वेष्टित गठ्ठ्यांत बांधलेलें प्रमाणित रबर बाजारांत आणलें, आणि इतर देशांनीं तोच कित्ता गिरविला. विमानाच्या आणि मोठ्या मालमोटारींच्या धांवांना नैसर्गिक रबराचाच मोठा भाग लागतो, कारण तें ताण अधिक सोसतें व कमी तापतें. या गुणाला खात्रीची जोड मिळाली, म्हणूनच नैसर्गिक रबर स्पर्धेंत टिकून राहिलें.

पहिलें स्थान सोडल्यावर

१९८८ मध्यें मलेशियाचें उत्पादन सुमारें सोळा लक्ष साठ हजार टनांवर पोंचलें. तोच त्याचा कळस ठरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत थायलंड व इंडोनेशिया पुढें गेले. २०२३ मध्यें मलेशियाचें उत्पादन साडेतीन लक्ष टनांच्या आसपास उरलें होतें. याचीं कारणें उघड आहेत. देश संपन्न झाला, कारखाने निघाले, तरुणांना शहरांत अधिक वेतन मिळूं लागलें. पहाटे उठून सुरी चालविण्यास माणूस मिळेना. त्याच जमिनींत तेलमाड लावला तर कमी श्रमांत अधिक उत्पन्न येऊं लागलें. आज तेथील रबराची बहुतेक लागवड लहान शेतकऱ्यांची आहे.

मग हा पराभव मानावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मलेशियानें कच्चा माल विकण्याऐवजीं पक्का माल करण्याकडे लक्ष वळविलें. १९८० नंतरच्या दशकांत एड्स रोगाच्या भीतीनें जगभर वैद्यकीय हातमोज्यांची मागणी वाढली. हाताच्या आकाराचे चिनी मातीचे सांचे साखळीवरून फिरत दाट केलेल्या चिकांत बुडतात, वाळतात, आणि हातमोजे होऊन उतरतात. २०२० मध्यें कोरोनाची सांथ आली, तेव्हां जगांतील रबरी हातमोज्यांपैकीं निम्म्याहून अधिक एकटा मलेशिया पुरवीत होता. याच देशाच्या संशोधकांनीं भूकंपाचा धक्का शोषून घेणारीं रबराचीं जाड बैठकें सिद्ध केलीं. १९८५ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत न्यायालयाची एक इमारत तशा बैठकांवर उभी राहिली, आणि २०१४ मध्यें वाहतुकीस खुला झालेला पेनांगचा दुसरा पूलहि तशाच बैठकांवर उभा आहे. एक किलो कच्चें रबर विकून जें मिळतें, त्याच्या कित्येक पट त्या किलोंत घातलेल्या बुद्धीला मिळतें.

तथापि या चित्रालाहि काळी बाजू आहे. हातमोज्यांसाठीं लागणारा पुष्कळसा चीक मलेशियाला आतां बाहेरून आणावा लागतो. चीनचे कारखाने स्पर्धेंत उतरले आहेत. आणि २०२० व २०२१ मध्यें, मजुरांकडून सक्तीनें काम घेतल्याच्या खुणा आढळल्या म्हणून, मलेशियांतील कांहीं कारखान्यांच्या मालावर अमेरिकेनें बंदी घातली. नेपाळ व बांगलादेश येथून आलेल्या या कामगारांनीं नोकरी मिळविण्यासाठींच मोठें कर्ज काढलेलें होतें. पुढें कारखान्यांनीं ते पैसे परत केले आणि बंदी उठत गेली. ॲमेझॉनच्या अरण्यांतील मजुराचें कर्ज, कंगाणीची उचल, आणि हें आजचें कर्ज, हीं तिन्ही एकाच जातीचीं. फरक इतकाच कीं, पूर्वीं त्याचा जाब कोणी विचारीत नसे. आतां गिऱ्हाईक विचारूं लागलें आहे. स्वस्त मजूर हें बळ नसून तें उधारीवर घेतलेलें सामर्थ्य आहे, आणि ती उधारी एक दिवस फेडावीच लागते.

आपल्या घरीं

आपल्या देशांत रबराची व्यापारी लागवड १९०२ मध्यें केरळांतील पेरियार नदीच्या कांठीं सुरू झाली. १९४७ मध्यें रबरासंबंधीं कायदा होऊन रबर-मंडळ अस्तित्वांत आलें. कोट्टायम येथील संशोधन-संस्थेनें तयार केलेल्या आर. आर. आय. आय. १०५ या वाणानें केरळांतील शेतकऱ्यांचें उत्पन्न वाढविलें. आपल्या महाराष्ट्रांतहि पालघर जिल्ह्यांतील दापचरी येथें या झाडावर प्रयोग झाले आहेत. पावसाळा भरपूर असूनहि तेथील कोरडा, कडक उन्हाळा झाडाला सोसत नाहीं, पाणी दिल्यास तें लवकर वाढतें, असें त्यांवरून दिसून आलें. असा प्रयोग वांयां गेला असें कोणी म्हणूं नये. कोठें लावावें याइतकेंच कोठें लावूं नये, हें कळणें शेतकऱ्याच्या हिताचें असतें.

विद्यार्थिमित्रांनो, ब्राझीलला झाड मिळालें होतें, पण त्यानें त्याचा अभ्यास केला नाहीं. मलायाला झाड मिळालें नव्हतें, पण तेथें अभ्यास झाला. आणि ज्या दिवशीं कच्च्या मालांतील पहिलें स्थान गेलें, त्या दिवशीं त्या अभ्यासानेंच त्याला दुसरें काम दिलें. वर्गांत वनस्पतिशास्त्राचा वा रसायनशास्त्राचा धडा चालला असतां “याचा उपयोग काय?” असें आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत येतें. त्या वेळीं रिडलेच्या खिशांतील बिया आठवाव्या. आणि आमची पालकवर्गासहि एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी एखाद्या झाडाशीं, यंत्राशीं वा प्रयोगाशीं तासन्‌तास खेळत बसली, तर त्यांना वेडें म्हणण्याची घाई करूं नये. ज्याला लोक हंसले, त्याच्या हातांतील ज्ञानावरच पुढें एका राष्ट्राचें पोट भरलें.